स्पेसचा प्रोजेक्ट घरच्या मेथीवर कसा करायचा

दिवाळी झाली की तासगावकडच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "मामा, विज्ञान प्रदर्शन आहे, कायतर स्पेसचं सांगा की." मी मिरजेला बायोटेक केलंय एवढंच माझं पाप. आणि मग पोरं करतात काय, तर थर्माकोलचं रॉकेट, त्याला चंदेरी कागद, खाली स्केचपेननं गगनयान. दिसायला भारी दिसतं, पण परीक्षकानं विचारलं की बाळ यात तू शोधलंस काय, की पोरगं मागं उभ्या असलेल्या आईकडं बघतं. म्हणून गेल्या वर्षी भाच्याला मी रॉकेटला हातच लावू दिला नाही, मेथीवर प्रयोग करायला लावला, आणि तो कसा केला, कुठं फसला, ते सगळं इथं सांगतो म्हणजे दरवर्षी फोनवर तेच तेच सांगायला नको.

आधी मेथीच का ते सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला ॲक्सिअम-४ मोहिमेतून स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा त्यांच्याबरोबर मेथी आणि मूग गेले होते. तिथं त्यांनी डिशमध्ये पाणी घालून मोड आणले आणि ते मोड फ्रीजरमध्ये ठेवून परत आणले. आणि हा प्रयोग होता कुणाचा, तर धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटी धारवाडचा. म्हणजे मिरजेत रेल्वेत बसायचं आणि बेळगावच्या पुढं उतरायचं, एवढ्या जवळच्या लोकांचा. त्याच्या आधी ३० डिसेंबर २०२४ ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी६० रॉकेट गेलं, त्याचा चौथा टप्पा इस्रोनं वरच फिरत ठेवला होता, त्याला पोएम म्हणतात. त्यात एका बंद डब्यात चवळीच्या ८ बिया होत्या, चार दिवसांत त्यांना कोंब आले. त्याच पोएमवर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाचा कॅलस गेला होता, कॅलस म्हणजे टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं बनवताना बाटलीत पेशींचा गोळा वाढवतात ना, तशातला गोळा. आणि बंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी पोटातले बॅक्टेरिया पाठवले होते. कॉलेजच्या पोरांनी हो. त्यामुळं आपल्याकडच्या पोरानं मेथी घेऊन बसण्यात लाजायचं काही कारण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, ही पहिल्यांदा डोक्यात घाला नायतर पुढचं सगळं फुकट. स्पेस स्टेशनवर गुरुत्वाकर्षण नसतं असं पोरं पाठ करून येतात, ते चुकीचं आहे. ४०० किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतेच, पण स्टेशन आणि आतली माणसं सगळी मिळून सतत पडत असतात, म्हणून तरंगतात. आपल्याला साताऱ्यात किंवा सांगलीत बसून हे करता येणार नाही. मग करता काय येतं? तर झाडाला फसवता येतं.

ते कसं, ते नीट समजून घ्या. मुळाच्या टोकाला टोपीसारखा भाग असतो, त्यातल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की हे कण पेशीच्या तळाला जाऊन बसतात, त्यावरून मुळाला कळतं खाली कुठं आहे. मग ऑक्सिन नावाचं हार्मोन खालच्या बाजूला जास्त जातं, मुळात ऑक्सिन जास्त झालं की वाढ मंदावते, त्यामुळं वरची बाजू जास्त वाढते आणि मूळ खाली वळतं. ऑक्सिन काय हे द्राक्षवाल्याच्या पोराला शिकवायला लागत नाही, फक्त त्याला माहीत नसतं की त्याला माहीत आहे. शेजारच्यानं उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारं आपल्याकडं आलं की द्राक्षाची पानं वाकडीतिकडी होतात की नाही, आणि मग बांधावर भांडणं? ते टू-फोर-डी म्हणजे कारखान्यात बनवलेलं ऑक्सिनच. भाच्याला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे अण्णांचं भांडण ऑक्सिनवरून झालं व्हय." झालं, समजलं.

तर फसवायचं असं की मूळ आडव्या आसाभोवती हळूहळू फिरवत ठेवायचं. खाली कुठं हे सारखं बदलत राहतं, कण एका जागी बसायला वेळच मिळत नाही. या यंत्राला क्लिनोस्टॅट म्हणतात, १९ व्या शतकात युलियुस झाक्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं त्यावर काम केलं, म्हणजे रॉकेटच्या लई आधीची गोष्ट. शून्य गुरुत्वाकर्षण तयार होत नाही, दिशा तेवढी पुसली जाते. हे वाक्य पोराला पाठ करून द्या, कारण परीक्षक तिथंच पकडतो.

सामान असं. १२ व्होल्टची ३.५ आरपीएमची (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या) गिअर मोटर, ऑनलाइन मिळते, मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पण मिळते. ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवली की मिनिटाला साधारण दीड फेरी होते, आपल्याला १ ते २ च्या मध्येच पाहिजे. घड्याळ लावून मोजा, पाकिटावर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. सहा-सात पेट्री डिश, नसल्या तर सारख्या मापाचे चपटे पारदर्शक डबे. किराणा दुकानातला चायना ग्रास. मेथी. पुठ्ठ्याचं खोकं, ग्लू गन, मायक्रोपोर टेप, कोनमापक, आणि मोबाइल. मी आधी शहाणपणा करून भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्यावर डिश बसवायला गेलो होतो, कारण तो मिनिटाला बरोबर एक फेरी मारतो. सेलवरच्या घड्याळात तेवढी ताकद नसते, डिश चढवली की काटा जागच्या जागी थरथरत बसला. आणि घरचं घड्याळ गेलं ते वेगळंच.

बी किराण्यातली, खायचीच घ्या. कृषी सेवा केंद्रातलं बियाणं नको, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, तो गुलाबी-लाल रंग त्याचाच असतो, हाताला लागतं आणि उगवणीवर पण परिणाम होतो. मेथी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधा, उसळीला मोड आणता तसंच, काही वेगळं नाही. फक्त पहिल्यांदा बी निर्जंतुक करून घ्या नायतर तिसऱ्या दिवशी डिशमध्ये कापूस उगवल्यासारखी बुरशी येते. घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग, त्यात पाच मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्यानं चार-पाच वेळा धुवायचं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचच्या जवळ संडासचं ॲसिड आणू नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. हे काम मोठ्यांनी शेजारी उभं राहूनच करायचं.

मोड साधारण अर्धा सेंटिमीटर झाले की सरळ मुळाचे तेवढे निवडायचे, वाकडे बाजूला काढून त्यांची उसळ, नाही नाही, ब्लीचमधले आहेत, टाकून द्या. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम चायना ग्रास उकळून डिशमध्ये पातळ थर ओता, गोठू द्या. त्यावर दहा मोड मांडायचे, सगळ्यांची मुळं एकाच बाजूला, समजा उजवीकडं, आणि बाहेरून मार्करनं बाण काढायचा. बिया डिशच्या मध्यापासून तीन-चार सेंटिमीटरच्या आत ठेवा. मेथी घ्यायचं दुसरं कारण इथं कळतं, भिजलेली मेथी बुळबुळीत होते आणि जेलला आपोआप चिकटून बसते. मूग गोल आणि जड, डिश उभी केली की घरंगळतो, आम्ही करून बघितलंय.

आता तीन गट करा, आणि हे तीन म्हणजे तीनच, दोनवर भागवू नका. पहिला गट कडेवर उभा, स्थिर, बाण आडवा. दुसरा गट मोटरवर, डिश सायकलच्या चाकासारखी उभी फिरणारी, मोटरचा दांडा आडवा. तिसरा गट पण मोटरवरच, पण आता दांडा उभा आणि त्याच्यावर डिश कडेवर उभी, म्हणजे लट्टूसारखी स्वतःभोवती फिरते. तिसऱ्यात फिरणं आहे, मोटरची थरथर आहे, पण खाली ते खालीच राहतं. हा गट नसला तर कुणीही म्हणेल की मुळं मोटर हलल्यामुळं वेडीवाकडी गेली, आणि तुमच्याकडं उत्तर नसेल. प्रत्येक गटात निदान तीस मोड तरी भरा, एका वेळी मोटरवर डिश एकच बसते तर तीनदा करा. तीनदा केलेला प्रयोग एका दिवसात उरकलेल्या मोठ्या प्रयोगापेक्षा कधीही बरा.

सगळं अंधारात ठेवायचं, खोकं पालथं घाला. उजेड एका बाजूनं आला की कोंब तिकडं पळतो आणि मूळ उलट, मग वळलं ते गुरुत्वाकर्षणानं का उजेडानं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि हे लाइटचं. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही म्हणून मी मोटर पॉवर बँकवर लावली, रात्री फिरताना बघितली, झोपलो. सकाळी मोटर बंद, पॉवर बँक फुल्ल. दोन रात्री असंच झालं, मला वाटलं मोटर खराब दिली. मग लक्षात आलं, एवढीशी मोटर इतका कमी करंट घेते की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल चार्ज झाला, आणि ती आपोआप बंद होते. उपाय म्हणजे त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या पोर्टला एक यूएसबीचा छोटा दिवा लावून ठेवायचा, म्हणजे करंट वाढतो. पण दिवा खोक्याच्या बाहेर हां, भाच्यानं तो आत ठेवला होता आणि सगळी मेथी दिव्याकडं तोंड करून बसली होती.

चोवीस तासांनी सगळ्या डिशचे फोटो काढा, मोबाइल बरोबर समोर धरून, शेजारी पट्टी ठेवून. मूळ बाणापासून किती अंश वळलं ते कोनमापकानं मोजा, किंवा इमेज-जे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात फोटो टाकून मोजा, ते जास्त अचूक होतं. स्थिर गटात आणि लट्टू गटात बहुतेक मुळं ९० अंशांकडं वळलेली दिसतील, चाकासारख्या फिरणाऱ्यात मुळं ठेवली त्या दिशेनं सरळ किंवा कुठंही भरकटलेली. मोजणाऱ्याला कुठली डिश कुठल्या गटाची ते सांगू नका, मागं नंबर टाकून ठेवा. नायतर आपलं पोरगं पाहिजे तसाच कोन मोजतं, मुद्दाम नाही, पण मोजतं. काही मेथ्या मरतील, काही उलट्या जातील, त्या पण वहीत लिहायच्या, खोडायच्या नाहीत.

एवढ्यावर थांबलात तरी प्रोजेक्ट होतो. पण आठवीच्या वरचं पोरगं असेल तर मंगळाचा भाग जरूर करा, त्यात गणित आहे आणि परीक्षक खूश होतो. १८०६ साली थॉमस नाइट नावाच्या इंग्रज माणसानं बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरवून त्यावर बिया बांधल्या आणि दाखवलं की मुळं फिरण्याचा जोर पण गुरुत्वाकर्षणासारखाच ओळखतात. आपण तेच करायचं. ६० आरपीएमची मोटर उभ्या दांड्यानं ठेवा, वर हलकी फळी, मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर छोट्या पारदर्शक डब्या, त्यात ओल्या कापसावर मोड. दोन्ही बाजूंना सारखं वजन पाहिजे, नायतर फळी डुगडुगते. जोर किती लागतो त्याचं सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. १० आणि ६० टाकलं की उत्तर येतं ०.४ जी, १ जी म्हणजे पृथ्वीची जमिनीवरची ओढ. मंगळावर ०.३८ जी आहे, म्हणजे जवळपास तेवढंच. आता इथं गंमत बघा, मंगळ तयार झाला नाही, कारण पृथ्वीचा १ जी खाली ओढतोच आहे, ०.४ बाजूला ओढतोय. मूळ दोघांच्या मधल्या दिशेला जाणार. टॅन ०.४ चा कोन साधारण २२ अंश, म्हणून मुळं सरळ खालपासून २२ अंश बाहेर कललेली दिसायला पाहिजेत. आधी हा आकडा वहीत लिहा, मग मोजा. १५ आलं तरी लाजू नका, मोटर खरंच ६० फेऱ्या मारत होती का ते तपासा. याच सूत्रात पहिल्या यंत्राचे आकडे टाका, ४ सेंटिमीटर आणि २ आरपीएम, उत्तर ०.०००१८ जी येतं. तिथं हळू का फिरवतो आणि बिया मध्याजवळ का ठेवतो ते पोराला आपोआप कळतं.

"पण मामा यात बायोटेक कुठाय?" हे भाच्यानंच विचारलं, बरोबर विचारलं. म्हणून अमायलेजचा भाग. बी उगवताना स्टार्चची साखर करायला अमायलेज एन्झाइम सोडते, आणि गव्हासारख्या धान्यात ते सोडायचा निरोप जिबरेलिन देतं. जिबरेलिन म्हणजे आपलं जीए, द्राक्षाच्या घडाला डीपिंग करतात तेच. अंतराळवीर उद्या यानात मोड खाणार तर त्यात स्टार्च किती मोडतो हे बघायला नको का. यासाठी मेथी नको, गहू घ्या. काही गहू क्लिनोस्टॅटवर, काही स्थिर, दोन दिवस उगवू द्या. १०० मिली पाण्यात दीड ग्रॅम चायना ग्रास आणि १ ग्रॅम कॉर्नफ्लोअर उकळून नव्या डिशमध्ये ओता. गव्हाचे दाणे ब्लेडनं मधोमध कापून कापलेली बाजू खाली करून मांडा, चोवीस तास ठेवा, मग दाणे उचलून वर पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन ओता. स्टार्च आहे तिथं निळं-काळं होतं, अमायलेजनं स्टार्च खाल्लाय तिथं फिकट गोल उरतो. तो गोल पट्टीनं मोजायचा आणि दोन्ही गटांची सरासरी काढायची. एक डिश उकळून मारलेल्या गव्हाची पण ठेवा, तिथं गोल यायला नको. फिरत्या आणि स्थिर गटात फरक नाही आला तर नाही आला असं लिहा, तेही उत्तरच आहे.

चंद्र-मंगळाच्या मातीचं खूळ पण पोरांना असतं. आपला सगळा भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर, बसलाय आणि चंद्रावरचे काळे डाग पण बेसाल्टचेच, त्यामुळं खडी क्रशरवरची डस्ट आणून त्यात मेथी लावणं ही आयडिया वाईट नाही. इस्रोनं सुद्धा चंद्राची नकली माती तमिळनाडूतल्या नामक्कलजवळच्या अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट खडकापासून बनवली. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठानं अपोलोनं आणलेल्या खऱ्या मातीत छोटी रोपं उगवून दाखवली, उगवली पण कुपोषित पोरासारखी वाढली. तुम्ही नुसती डस्ट, डस्टमध्ये गांडूळखत, आणि डस्टमध्ये गोठ्याच्या मागच्या टाक्यातला वाळवलेला अ‍ॅझोला, असे तीन डबे करा. डस्ट हाताळताना मास्क लावा, धूळ छातीत जायला चांगली नाही. मंगळाची माती केली असं मात्र म्हणू नका, खऱ्या मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचं विषारी मीठ असतं, आणि ते आणायच्या भानगडीत पडू पण नका. आणि लाल माती पाहिजे म्हणून कास पठारावरून पिशवी भरून आणणारे महाभाग आहेत, कृपा करा, ते जागतिक वारसा ठिकाण आहे, तिथलं काही उचलायचं नसतं.

बॅक्टेरियाचं मी कुणाला घरी करू देत नाही. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेनं आणि इस्रोनं मिळून बॅक्टेरिया, युरिया आणि गवारीचा डिंक वापरून चंद्रासाठी विटा बनवल्या, ते ऐकून एक पोरगं म्हणालं युरिया आणि गवार दोन्ही आमच्याकडं आहे. असेल बाबा, पण बॅक्टेरिया ओळखीचा पाहिजे, प्रयोगशाळेतून आणलेला. मोरीतला, थुंकीतला, नाल्यातला काहीही डिशमध्ये वाढवायचा नाही. ते कॉलेजच्या लॅबमध्ये, सर असताना.

हंगामाचं बघा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत ४० च्या वर पारा गेला की मेथी नीट उगवत नाही, पावसाळ्यात बुरशी सुटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, प्रदर्शनं पण तेव्हाच असतात. शाळेतून इन्स्पायर मानक या सरकारी योजनेला आयडिया पाठवता येते, निवड झाली तर १०,००० रुपये मिळतात, त्यात मोटरी येऊन पैसे उरतात. नववीतल्या पोरांसाठी इस्रोचा युविका कार्यक्रम आहे, त्याच्या अर्जाच्या तारखा इस्रोच्या वेबसाइटवर येतात, तिथंच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर नाही.

प्रदर्शनाला मोटर चालू ठेवूनच न्या, डिश दोन जादा न्या, वही कच्चीच न्या, डाग पडलेली चालेल. फ्लेक्स छापायला हजार रुपये घालवू नका. घरी आल्यावर सगळ्या डिशमध्ये ब्लीच ओतून तासभर ठेवा, हातमोजे घालून, मग कचऱ्यात. आयोडीनच्या डिश वेगळ्या धुवा, त्यात ब्लीच घालायचं नाही. चायना ग्रास उकळलेलं पातेलं घासून स्वयंपाकघरात परत गेलं तरी चालतं, पण ज्या डब्यांमध्ये मोड वाढवले ते परत मसाल्याच्या फळीवर ठेवायचे नाहीत. आमच्या ताईला हे तिसऱ्या दिवशी कळलं.